रिकाम्या खिळ्यावरचा हार

मनू बोलत नाही, या एकाच काळजीने मागच्या श्रावणात माझी झोप पार उडाली होती.

वय तीन वर्षं आठ महिने. शब्द अकरा. मी ते वहीत लिहून ठेवले होते, तारखेसकट. मम, भू, दे, नको, बाबा, गाई, असे करत अकरा. "आई" त्या यादीत नव्हता. यावर मी चारचौघांत हसून म्हणायचे, "अहो, मी कायम समोरच असते, मग हाक कशाला मारायची?" आणि घरी येऊन वही उघडायचे, कुठे एखादा शब्द मोजायचा राहून गेलाय का बघायला.

कोपरखैरण्याच्या नमिता मॅडम, ज्यांच्याकडे आम्ही तिला बोलायला शिकवायला न्यायचो, त्या एकदा म्हणाल्या, "बाजारातली कार्डं बंद करा. त्यात इग्लू असतो, जिराफ असतो. तिला तिच्या रोजच्या जगातली चित्रं दाखवा. जिना, पाण्याची टाकी, घंटागाडी."

मला चित्र काढता येत नाही. शाळेत मी काढलेल्या गाईला बाईंनी खाली "कुत्रा" असं नाव दिलं होतं. यशराज, माझा नवरा, महापेला एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. त्याने माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. "पाहिजे ते लिही, तो काढून देतो. दिवसाला पंधरा चित्रं फुकट. त्यापुढे पैसे, त्यामुळे पंधरातच भागव, राजे." माझं नाव राजेश्वरी. तो राजे म्हणतो. लाडाने की टोमण्याने, हे लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही.

सुरुवात फजितीचीच झाली. घंटागाडी लिहिलं तर देवळातल्या घंटा टांगलेली बैलगाडी आली. मग हळूहळू जमायला लागलं. नुसतं नाव लिहायचं नाही, उजेड कुठून येतोय ते लिहायचं, मागे काय आहे ते लिहायचं. आणि माणूस असला तर हाताची बोटं मोजून घ्यायची, कारण या यंत्राला हात जमत नाहीत. कधी सहा बोटं, कधी चार. आमची पाण्याची टाकी मात्र इतकी हुबेहूब आली की मनूने तिच्यावर बोट ठेवून "भू" म्हटलं. मी वहीत तारीख टाकली.

आम्ही घणसोली गावात भाड्याने राहतो. गाव म्हणजे जुनं गावठाण. गल्ली एवढी अरुंद की खिडकीतून समोरच्या घरात आमटीची वाटी देता येते. गावाच्या डोक्यावर चोहोबाजूंनी टॉवर. घरमालक धर्मराजशेठ, चार मजल्यांची बिल्डिंग, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर शेठ आणि त्यांची आई, भागीरथीआजी. सत्तरीच्या पुढच्या. गुडघ्यांमुळे त्यांनी कित्येक वर्षांत जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढलेली नाही. खाडीला भरती आली की आमच्या मोरीच्या जाळीतून चिखलाचा वास येतो. खारट, जुना, ओल्या गोणपाटासारखा. पहिल्या वर्षी मी फिनेल ओतायचे. नंतर सोडून दिलं.

आजींच्या हॉलमध्ये गेलेल्यांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. सासरा, सासू, थोरला दीर, आणि नवरा, गोटीराम. त्यांच्या पुढे एक खिळा. रिकामा. मला वाटायचं कॅलेंडरचा असेल.

एका दुपारी मी भाडं द्यायला खाली गेले होते, आणि मनूला गुंतवायला तिथेच बसून चित्रं काढत होते.

"काय गो सातारवाली, दिसभर मोबाईलवर बोटा घासतंस?" आजींनी विचारलं.

"मनूसाठी चित्रं काढतेय, आजी. लिहिलं की आपोआप तयार होतात."

"काय पन लिवला तरी?"

"काय पण."

आजी सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मेलेल्या मानसाचा फोटू येल कं?"

मी हसले. मग त्यांच्याकडे बघितलं आणि हसू आवरलं.

"माजी हिरू," त्या म्हणाल्या. "धर्म्याच्या आदीची. चार वरसांची व्हती. तवा फोटू कोन काढतंय? मिठागरावं मीठ वाहाया जायचू, तिथंच भरतीन गेली." त्यांनी भिंतीकडे मान केली. "सगली लायनीत हायेत. तिचाच खिला रिकामा. पितृपाखान तेरसला लहान पोरांचा पान ठेवतान. मी दरसाल त्या खिल्यालाच हार घालतंय. खिल्याला हार घालाया बरा वाटत नाय गो."

मनू त्या खिळ्याकडे बघत होती. पण मुलं कशाकडेही बघतात.

"दिसायला कशी होती, आजी?"

"केस बारीक कापलेलं. पिवला झगा. गल्यान काला दोरा."

"आणि चेहरा?"

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.

"इसरले," त्या म्हणाल्या. "पयला नाक गेला, मंग डोले. आता निसती पाठमोरी आठवतंय… बांधावं बसलेली."

यावर नाही म्हणायला कुठलं काळीज लागतं ते माझ्याकडे नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला मिरवायचंही होतं. पदवी घेऊन चार वर्षं घरात बसलेल्या बाईला "तुला येतं" असं कुणी म्हटलं की ती कुठवर जाते, ते मी आता जाणते.

पहिल्या दिवशी पंधरा चित्रं वाया गेली. नाकात मोठी नथ, दात मोत्यासारखे, गालांवर गुलाबी. आजींनी एकेक बघितलं आणि फोन परत दिला. "ही तं सिरेलीतली पोर! मिठागरान कोन लाली लावून बसतंय?" दुसऱ्या दिवशीही तेच. यंत्राला आमच्याकडचा चेहरा माहीतच नसावा.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझं लक्ष खालच्या एका बटणाकडे गेलं. तुमच्याकडचा एखादा फोटो जोडा, त्यावरून चित्र तयार होईल. माझ्या फोनमध्ये मनूचे चार हजार फोटो आहेत. एक होता जिन्यातला, पिवळ्या फ्रॉकमधला. मला वाटलं, थोडं वळण घेईल, बाकी बदलेल. निदान पोर गावातली तरी वाटेल.

आमच्याकडे जिवंत माणसाचा फोटो गेलेल्यांच्या ओळीत चुकूनही लावत नाहीत. त्याला हार तर घालतच नाहीत. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या फोटोवर एक फूल चिकटलं होतं, तर माझ्या सासूबाईंनी ते नखाने खरवडून काढलं होतं. हे मला त्या वेळी आठवलं नाही, असं मी इथे लिहिणार होते. आठवलं होतं. मी फोटो जोडला.

पहिल्याच चित्रात ती आली. बांधावर उकिडवी बसलेली, मागे राखाडी पाणी, केस बारीक कापलेले, गळ्यात काळा दोरा. चेहरा मनूचा. अर्धाच दिसत होता, कारण उजवा तळहात तोंडावर घट्ट दाबलेला होता.

हाताची नेहमीची गडबड, असं म्हणून मी लिहिलं, हात खाली. पुन्हा तेच. हसरा चेहरा, लिहिलं. डोळे जरा बारीक झाले, हात तिथेच. खोली एकाएकी गार वाटायला लागली. मी पंखा बंद केला. मोरीतून वास यायला लागला होता, भरतीची वेळ असावी. मनू माझ्या मांडीला टेकून झोपली होती. मी लिहिलं, दोन्ही हात मांडीवर.

चित्र वरून खाली हळूहळू उलगडत आलं. दोन्ही हात मांडीवर होते.

आणि तिसरा तोंडावर.

मी मोठ्याने हसले. एकट्या बाईने दुपारी घरात जितकं मोठ्याने हसावं त्याहून जास्तच. मग सवयीने बोटं मोजली. तिन्ही हातांची, पाच-पाच-पाच. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोटं बरोबर आली होती.

तो तिसरा हात मी पुसून टाकला, म्हणजे ते चित्रच काढून टाकलं. पण बाकीची ठेवली, आणि संध्याकाळी आजींना दाखवताना म्हटलं, "हा हात मी उद्या काढून देते, आजी. तेवढं जमत नाहीये."

आजींनी चष्मा लावला. फोन दोन्ही हातांत धरला, गरम ताटली धरावी तसा.

"हात ठेवाला तू सांगितलंस?"

"नाही हो. मी काढायलाच सांगत होते. तो आपोआप…"

"नको काढू." त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं. "हाच पायजे. असाच."

धर्मराजशेठनी वाशीहून मोठी प्रिंट काढून आणली, शिसवी फ्रेम केली. चेहरा कुणाचा आहे ते मी कुणालाच सांगितलं नाही. काय सांगणार होते?

तेरसला आजींनी आम्हाला जेवायला बोलावलं. दारातून आत शिरताना वड्यांचा आणि खिरीचा वास आला, उदबत्तीचा आला, आणि त्या सगळ्याच्या खालून चिखलाचा. फोटो खिळ्यावर होता. त्याच्यावर झेंडूचा हार, ताजा, दाट, छातीपर्यंत लोंबणारा. माझ्या पोरीच्या कपाळावर चंदनाचा टिळा होता.

मी मनूचा हात धरून उभी होते. तिने वर बघितलं. आरशात आपण बघतो तसं, ओळखीने, फार वेळ. मग तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि तळवा तोंडावर ठेवला.

त्या दिवसापासून वहीत काही नाही.

मम गेलं. भू गेलं. दे, बाबा, गाई गेलं. "नको" हा शब्द मुलं शेवटपर्यंत सोडत नाहीत; तोही गेला, ती ताट नुसतं दूर सारायची. दिवसभर खिडकीत, खाडीच्या बाजूला तोंड करून, तोंडावर हात. घास भरवायला मी हात बाजूला करायचे, घास गिळला की हात परत जागेवर. एकदा स्टुलावरून पडली. गुडघा फुटला, रक्त आलं. मी धावले. तिचे डोळे वाहत होते, छाती हेलकावत होती, तोंड हाताखाली वासलेलं होतं आणि आवाज नव्हता. जराही नाही. रडताना मुलाचा आवाज येत नाही म्हणजे काय असतं, ते मला सांगता येणार नाही.

नमिता मॅडम फोनवर म्हणाल्या, "होतं असं कधीकधी, मुलं मागे जातात. घरात काही बदललंय का?"

"नाही," मी म्हटलं.

यशराजला मात्र सगळं सांगितलं. तो आधी हसला. "राजे, तुम्ही चार हजार फोटो दिले असते ना त्या ॲपला, तरी पोरगी आपलीच राहिली असती."

"त्याला हार घातलाय, यशराज. आपल्या पोरीच्या फोटोला."

"झेंडूचा हार. काढा म्हणावं. त्यात काय एवढं टेन्शन…"

बोलता बोलता त्याने खिडकीकडे बघितलं. मनूने मान वळवली होती. हाताच्या वरून तिचे डोळे आमच्याकडे बघत होते. ऐकायची परवानगी आहे, बोलायची नाही, अशा मुलाचे असतात तसे. यशराजचं हसू गेलं.

"जा," तो हळूच म्हणाला. "घेऊन ये तो फोटो. मी बसतो हिच्याजवळ."

नवरात्राची चौथी माळ होती. तिन्हीसांजेची वेळ. दार लावून मी दोन मजले उतरले. आजी अंधारातच बसल्या होत्या, फक्त देव्हाऱ्यात दिवा होता. फोटोवरचा हार वाळून तपकिरी झाला होता, तरी काढलेला नव्हता.

"आजी," मी उभ्यानेच म्हटलं, "मी तुम्हाला फसवलं. तो चेहरा मनूचा आहे. मला दुसरा येत नव्हता म्हणून… तो हार काढा. पाया पडते. माझी पोर पार मुकी झाली."

"तोंड कोनाचा त्या मना म्हायती नाय कं?" आजी म्हणाल्या. रागाने नाही. "रोज जिन्यान बघतंय तिला."

"मग तुम्ही… का लावलात?"

"हातासाठी."

दिव्याची वात चरचरली. त्या पुढचं बोलल्या ते भिंतीकडे बघून.

"पोरा आनली कं मुकादम वरडायचा. अर्धी हजरी कापायचा. मी तिला बांधावं आडोशाला बसवली. सांगितला, गप बस. हाक मारू नको, मी येतंय. तिनं असा हात ठेवला त्वांडावर… हसत. मना दावाया, कं बघ आये, मी नाय बोलत." त्यांनी आपला सुरकुतलेला तळवा ओठांवर ठेवला आणि काढला. "त्या दिसान उधान व्हता. उघारी फुटली. आमी धा बाया व्हतू, हाकेवर. एक हाक मारली असती तं धा जनी धावल्या असत्या. नाय मारली. मी सांगितला व्हता ना."

उघारी म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीचं पाणी अडवायचं. ते मला नंतर धर्मराजशेठनी सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढंच कळलं, की हा हात जगात एकाच माणसाने बघितला होता. आणि आजींनी तो कधीच कुणाला सांगितला नव्हता.

"कुणालाच नाही? आजोबांनाही नाही?"

"कोनला सांगू? मीच गप बसवली." आजी भिंतीला धरून उठल्या. वाळका हार त्यांनी स्वतः उतरवला, पाकळ्या खाली सांडल्या. फोटो पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "न्हे. जित्या पोराला या भिंतीवं ठेवू नये. मना कलत व्हता गो… पन पन्नास वरसांनी तोंड दिसला." मी दारापर्यंत गेले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, जणू मला नाहीच, "मंग तिला सांगाचाच रायला. आता बोल म्हनून. सांगाया गेले, तं बांधावं पानीच."

मी जिना चढायला लागले. फ्रेम छातीशी धरली होती, चित्र आतल्या बाजूला. काच गार होती, आणि ओली. माझ्या कुर्त्याला तो ओलावा लागत होता. आजींनी पदराने पुसली होती, म्हणून ओली असेल. पहिल्या मजल्यावरचा दिवा गेला होता. मी पायऱ्या मोजत चढले. माझी पावलं वाजत होती, चपलांची, कोरडी. आणि एका पायरीच्या अंतराने, खालून, चिखलातून पाय उपसल्यासारखं काहीतरी. मी थांबले की ते थांबायचं. मी मागे बघितलं नाही. तुम्ही बघितलं असतं का?

यशराजने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"अगं, आत्ता," तो कुजबुजला. "आत्ता एवढ्यात… हात काढला तिने."

मनू त्याच्या मागे उभी होती, उंबऱ्याच्या आत. हात खाली, दोन्ही. गालावर चार बोटांचे पांढरे वळ उमटलेले. ओठ हलत होते, जसे आम्ही नमिता मॅडमकडे महिनोन्महिने हलवायला शिकवले होते, आणि मी गुडघ्यांवर बसले, फ्रेम बाजूला ठेवली, हात पसरले. चार वर्षं मी या एका क्षणासाठी जागी राहिले होते. "बोल बाळा," मी म्हटलं, "बोल ना, मी आहे इथे."

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे, जिन्याच्या वळणाकडे बघत होती, जिथला दिवा गेला होता, जिथे ती चिखलातली पावलं थांबली होती. तिने मान जराशी वर केली, मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघायला करतात तशी. आणि स्पष्ट, सावकाश, आमच्या घरात कुणीच कधी बोललं नाही अशा बोलीत तिने विचारलं,

"आये… आता हाक मारू कं?"